मानवी हक्कांच्या बातमीला पुरस्कार : तो कुणी द्यावा, कुठल्या भाषेतल्या बातमीला द्यावा?

रानजाई | ६ मे २०२५, रात्री १०:४०

परवा रविवारी निकाराग्वाने युनेस्को सोडत असल्याचं कळवलं. कारण एक पुरस्कार. युनेस्कोचा गियेर्मो कानो वृत्तपत्र स्वातंत्र्य पुरस्कार यंदा त्या देशातल्या 'ला प्रेन्सा' या दैनिकाला मिळाला. १९२६ साली निघालेलं हे वर्तमानपत्र. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी त्याच्या कार्यालयाचा ताबा घेतला, आणि आता त्याचे पत्रकार देशाबाहेर राहून ते इंटरनेटवर काढतात. त्यांचा सन्मान झाला म्हणून सरकारने थेट संघटनेलाच रामराम ठोकला.

ही बातमी वाचली आणि मला हाँगकाँगची गोष्ट आठवत राहिली. तिथे बरोबर उलटं झालं होतं. पुरस्कार देणारेच मागे सरले होते.

मी २०११ ते २०२२ हाँगकाँगमध्ये राहिले. मी पत्रकार नाही, शाळेत शिकवत होते. पण तिथल्या मानवी हक्क वृत्तपुरस्कारांची यादी दरवर्षी आवर्जून वाचायचे, कारण वर्षभर आपल्या आसपास नेमकं काय चाललं होतं हे त्या यादीतून कळायचं. घरकामाला आलेल्या इंडोनेशियन-फिलिपिनो बायका, पिंजऱ्याएवढ्या खोल्यांत राहणारी म्हातारी माणसं, आश्रय मागणारे लोक. १९९५ पासून हे पुरस्कार दिले जात होते. परदेशी वार्ताहरांचा क्लब, हाँगकाँगची पत्रकार संघटना आणि ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेची हाँगकाँग शाखा यांनी मिळून ते सुरू केले. त्यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे इंग्रजी बातम्या आणि चिनी बातम्या यांचे विभाग वेगळे. चिनी बातमी चिनी वाचणाराच तपासणार. तिला इंग्रजीच्या दारातून आत यावं लागत नसे.

२१ जुलै २०१९ च्या रात्री युएन लाँग स्टेशनात पांढरे शर्ट घातलेली माणसं काठ्या आणि वेताच्या छड्या घेऊन घुसली आणि सरकारविरोधी निदर्शनांहून परतणाऱ्यांना, साध्या प्रवाशांनाही, झोडपून काढलं. आमचं घर त्याच मार्गावर दोन स्टेशनं पुढे. त्या रात्री आम्ही मोबाइलवर 'स्टँड न्यूज' या ऑनलाइन वृत्तसंस्थेचं थेट प्रक्षेपण पाहत होतो. ते करणारी ग्विनेथ हो ही तरुण वार्ताहर स्वतः मार खात होती आणि कॅमेरा चालूच होता. पोलीस ३९ मिनिटांनी आले. हा '३९' आकडा तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

पुढच्या वर्षी बाओ चॉय या निर्मातीने आरटीएचके या सरकारी प्रसारण संस्थेसाठी त्या रात्रीवर माहितीपट केला. कॅमेऱ्यांच्या चित्रफितींतून गाड्यांचे नंबर काढले, वाहन नोंदणीच्या दप्तरातून त्या गाड्या कुणाच्या हे शोधलं. दप्तराच्या अर्जात 'माहिती कशासाठी हवी' असा रकाना असतो. त्यात पत्रकारितेचा पर्यायच नव्हता. तिने वाहतुकीशी संबंधित इतर कारण हा पर्याय निवडला. नोव्हेंबर २०२० मध्ये तिला अटक झाली आणि २२ एप्रिल २०२१ रोजी खोटी माहिती दिल्याबद्दल ६,००० हाँगकाँग डॉलर दंड झाला. दोनच आठवड्यांनी त्याच माहितीपटाला मानवी हक्क वृत्तपुरस्कार जाहीर झाला. चिनी भाषेतल्या माहितीपटांच्या विभागात. आणि आरटीएचकेने सांगितलं, आम्ही तो घेणार नाही.

म्हणजे जिने काम केलं ती दोषी, ज्यांनी ते प्रसारित केलं ते पुरस्कार नाकारणारे, आणि परीक्षक मात्र ठाम उभे. २०२१ मध्ये तरी ते उभे होते.

२०२२ ला तेही राहिलं नाही. 'स्टँड न्यूज'वर २९ डिसेंबर २०२१ रोजी दोनशेहून जास्त पोलिसांनी छापा घातला आणि ती त्याच दिवशी बंद पडली. त्यांनी वर्षभरात केलेल्या बातम्या मात्र स्पर्धेत होत्या, आणि चार पुरस्कार व पाच विशेष उल्लेख त्यांना मिळणार होते. ३ मेला निकाल जाहीर व्हायचा होता. २५ एप्रिलला क्लबने पुरस्कारच स्थगित केले. नकळत कायद्याचं उल्लंघन व्हायला नको, असं कारण दिलं. क्लबच्या वृत्तपत्र स्वातंत्र्य समितीतले काही जण राजीनामा देऊन बाहेर पडले.

लोअर अल्बर्ट रोडवरची क्लबची इमारत मी अनेकदा पाहिली आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या विटांची, एके काळी दूध आणि बर्फ साठवायला बांधलेली. आम्ही देश सोडण्याच्या तयारीत होतो तेव्हा मी एकदा मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला त्या लोकांचा राग आला होता. आज तीन वर्षांनी तो राग कितपत बरोबर होता हे ठरवता येत नाही, म्हणून हा धागा.

पुरस्कार देणं अंगाशी येऊ लागलं की देणाऱ्याने काय करावं? आणि मराठीत असा पुरस्कार कुणी, कुणाला, कसा द्यावा? पत्रकार मंडळींनी जरूर लिहा.

---

दुसरी बाजू | ७ मे, सकाळी ८:१५

रानजाई, धागा फार चांगला आहे. मी वकिली करते, त्यामुळे थोडी क्लबच्या बाजूने लिहिते.

राष्ट्रीय सुरक्षा कायदा ३० जून २०२० पासून लागू झाला. त्याखेरीज इंग्रजांच्या काळातला राजद्रोहाचा कायदा तिथे पुन्हा बाहेर काढला गेला. लोकमान्यांना मंडालेला धाडणाऱ्या कलमाच्या भावकीतलाच तो. 'स्टँड न्यूज'चे संपादक चुंग पुई-कुएन आणि पॅट्रिक लाम यांना ऑगस्ट २०२४ मध्ये त्याखालीच दोषी ठरवलं. खटल्यात १७ लेख होते, त्यांतले ११ राजद्रोही ठरले. आता २०२२ च्या एप्रिलमध्ये क्लबचे पदाधिकारी काय विचार करत असतील? ज्या संस्थेवर खटला चालू आहे तिच्या लेखाला 'उत्कृष्ट' म्हणणं हे त्या लेखाचा प्रसार करणं ठरेल का? याचं उत्तर तेव्हा कुठलाही वकील छातीठोकपणे देऊ शकला नसता.

आणि क्लब म्हणजे फक्त परदेशी वार्ताहर नव्हेत. तिथे स्थानिक कर्मचारी आहेत, स्वयंपाकघर आहे, हिशेबनीस आहेत. इमारत सरकारच्या मालकीची, भाडेकरार त्याच वर्षाअखेर संपत होता. परदेशी पासपोर्टवाला अध्यक्ष उद्या विमानाने निघून जाईल. तिथे भांडी घासणाऱ्याने काय करायचं?

एक दुरुस्ती नव्हे, भर घालते. बाओ चॉयची शिक्षा ५ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एकमताने रद्द केली. त्या रकान्यातल्या शब्दांचा अर्थ इतका संकुचित लावू नये, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. तेव्हा परीक्षकांनी जे २०२१ ला म्हटलं, ते न्यायालयाला कळायला दोन वर्षं लागली.

---

रानजाई | ७ मे, सकाळी ९:०२

भांडी घासणाऱ्याचा मुद्दा मी खरंच लक्षात घेतला नव्हता. मनापासून आभार.

पण एक सांगते. स्थगित करण्याला माझा आक्षेप असला तरी त्याहून जास्त लागलं ते हे, की त्या वर्षीचे बाकीचे विजेतेही नाहीसे झाले. ज्यांचा 'स्टँड न्यूज'शी संबंध नव्हता त्यांचंही काम कुणाला कळलं नाही. पुरस्कार पुढे बंद पडले नाहीत. २०२३ पासून ह्यूमन राइट्स वॉच आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पत्रकारिता महाविद्यालयाने ते चालवायला घेतले आणि साऱ्या आशियासाठी खुले केले. म्हणजे पुरस्कार जगला, पण त्याला गाव सोडावं लागलं. अगदी 'ला प्रेन्सा'सारखंच.

---

शेवटची आवृत्ती | ७ मे, दुपारी १:३०

एकतीस वर्षं मराठी दैनिकात डेस्कवर काढली. जिल्हा पानांपासून सुरुवात केली आणि शेवटी रात्रपाळीचा वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झालो. या विषयावर बोलायचं तर पी. साईनाथांपासून सुरुवात करावी लागेल.

ॲम्नेस्टीने २००० साली मानवी हक्क पत्रकारितेचा जागतिक पुरस्कार पहिल्यांदा दिला तो साईनाथांना. तेव्हा आमच्या न्यूजरूममध्ये एक प्रश्न विचारला गेला होता, तो आजही मला आठवतो : 'पण हे तर शेतीचं लिहितात, मानवी हक्क कुठे आले यात?' मानवी हक्क म्हणजे पोलीस कोठडी, चकमक, काश्मीर, एवढंच आमच्या डोक्यात होतं. भूक, कर्ज, पाण्यासाठीची पायपीट हे 'विकास' नावाच्या पानावर जायचं. त्या पुरस्काराने ती दोन पानं एकत्र शिवली. पुढे विदर्भातल्या आत्महत्यांवर त्यांनी जे लिहिलं ते सर्वांना ठाऊक आहे. २००७ ला मॅगसेसे मिळालं.

धाग्याच्या प्रश्नाशी संबंधित गोष्ट अशी की २००९ मध्ये त्यांनी पद्मभूषण नाकारलं आणि २०२१ मध्ये आंध्र सरकारचाही पुरस्कार नाकारला. पत्रकाराने ज्या सरकारवर लिहायचं, ज्याचं कामकाज तपासायचं, त्याच्याकडून पुरस्कार घेऊ नये, ही त्यांची भूमिका. पत्रकार हा सरकारचा बाहेरचा लेखापरीक्षक आहे असं ते मानतात. लेखापरीक्षकाने ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच हातून शाल घेतली तर वह्यांवर कोण विश्वास ठेवील?

यावर आमच्या पिढीत पुष्कळ वाद झाले. राज्य शासनाचे पत्रकारिता पुरस्कार घेणारे चांगले, प्रामाणिक पत्रकार मी पाहिले आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. घरात पुरस्काराच्या रकमेने मुलीची फी भरली गेली, असं सांगणारा सहकारी माझ्या डोळ्यासमोर आहे. पण तत्त्व म्हणून मला साईनाथांचंच पटतं.

अवांतर वाटेल, पण ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. मानवी हक्कांची मराठी पत्रकारिता म्हटलं की मला पहिलं पान ते दिसतं. तिच्या वाट्याला त्या काळी शाल तर सोडाच, विकतची जागाही आली नाही.

---

नवी वही | ७ मे, संध्याकाळी ५:२०

मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आम्हाला सांगतात की असे पुरस्कार पत्रकाराला संरक्षण देतात, जगाचं लक्ष असलं की सरकार हात लावताना विचार करतं. हे खरं आहे का? इथे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते.

---

वैनगंगा | ७ मे, रात्री ११:१०

@नवी वही, कधी खरं, कधी नाही. मला माहीत असलेली उदाहरणं देतो.

म्यानमारमधले दोन पत्रकार, वा लोन आणि चॉ सो ऊ. इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली, ती त्यांनी शोधून काढली. डिसेंबर २०१७ मध्ये अटक, सप्टेंबर २०१८ मध्ये सात वर्षांची शिक्षा. एप्रिल २०१९ ला पुलित्झर, त्याच वर्षी युनेस्कोचा गियेर्मो कानो पुरस्कार, आणि ७ मे २०१९ ला सुटका. आजच सहा वर्षं झाली. तुरुंगात पाचशेच्या वर दिवस गेले. पुरस्कारामुळेच सुटले असं कुणी म्हणू शकत नाही, पण लक्ष हटू दिलं नाही एवढं नक्की.

दुसरं, इजिप्तचा छायाचित्रकार शौकन. कैरोत निदर्शनं मोडून काढताना फोटो घेत होता, ऑगस्ट २०१३ मध्ये धरला. तुरुंगात असताना २०१८ ला हाच युनेस्को पुरस्कार जाहीर झाला. त्याच्या सरकारने उघड नाराजी दाखवली. सप्टेंबरमध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, जी तो आधीच भोगून बसला होता. मार्च २०१९ ला बाहेर आला.

तिसरं, श्रीलंकेचे संपादक लसंथा विक्रमतुंगे. जानेवारी २००९ मध्ये भर रस्त्यात हत्या. पुरस्कार त्यानंतर. आणि ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे ते गियेर्मो कानो स्वतः बोगोटात आपल्या वर्तमानपत्राच्या दारात १७ डिसेंबर १९८६ ला मारले गेले. अमली पदार्थांच्या टोळ्यांवर लिहीत होते.

आता माझ्या जवळचं. मी गडचिरोली जिल्ह्यातला. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर. २०१६ च्या फेब्रुवारीत मालिनी सुब्रमण्यम यांच्या जगदलपूरच्या घरावर दगडफेक झाली, त्यांना गाव सोडावं लागलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीने त्यांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. योग्यच केलं. पण त्याच काळात सोमारू नाग आणि संतोष यादव हे दोन स्थानिक हिंदी वार्ताहर जगदलपूरच्या बाजूला तुरुंगात होते. सोमारू वर्षभराने निर्दोष सुटला. संतोषला सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला फेब्रुवारी २०१७ उजाडलं. त्यांची नावं आज इथे किती जणांना आठवतात?

आणि मुकेश चंद्राकर. 'बस्तर जंक्शन' नावाचं त्याचं यूट्यूब चॅनल आम्ही रोज पाहायचो. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी धरून नेलेल्या जवानाला सोडवून आणणाऱ्यांत तो होता. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी झाली आणि यंदा १ जानेवारीला तो बेपत्ता झाला. ३ तारखेला छत्तीसगडमधल्या बिजापूरमध्ये एका ठेकेदाराच्या आवारातल्या शौचालयाच्या टाकीत त्याचा मृतदेह सापडला. टाकीवर ताजं सिमेंट घातलेलं होतं.

दिल्ली-मुंबईहून, परदेशातून कुणी बातमीला आलं की त्यांना जंगलात नेणारा, गोंडी-हलबी बोलणारा, कुणाच्या घरी थांबायचं हे जाणणारा माणूस मुकेशसारखाच असतो. बातमीला पुरस्कार मिळतो तेव्हा त्याचं नाव शेवटी आभारात असतं, किंवा त्याच्या सुरक्षेसाठी तेही नसतं. कर्ट शॉर्क या सिएरा लिओनमध्ये मारल्या गेलेल्या रॉयटर्सच्या वार्ताहराच्या स्मृतीतल्या पुरस्कारांनी स्थानिक पत्रकार आणि वाट दाखवणारा स्थानिक साहाय्यक असे वेगळे विभाग केले, हे वाचून मला बरं वाटलं होतं. असं कुणी आपल्याकडे करील का?

---

नवी वही | ७ मे, रात्री ११:४५

वैनगंगा दादा, हे आमच्या एकाही पुस्तकात नाही. राजापूरच्या शशिकांत वारिशेंबद्दल मात्र वर्गात बोललो होतो. फेब्रुवारी २०२३, रिफायनरीच्या जमिनींवर लिहीत होते, ज्या दिवशी बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडलं. आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ ला मंजूर झालेला खास कायदा आहे. तरीही.

---

कोरडवाहू | ८ मे, रात्री १२:२५

दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही कळत नव्हतं. मी मराठवाड्यात एका तालुक्याचा वार्ताहर. तेरा वर्षं झाली. पगार नाही, मानधन आहे, तेही दिवाळी पुरवणीला जाहिरातीचं टार्गेट पूर्ण झालं तर वेळेवर येतं. पत्रकार म्हणून सरकारची अधिस्वीकृती नाही.

आमच्याकडे पुरस्कार भरपूर आहेत. ६ जानेवारीला पत्रकार दिन आला की तालुक्यात तीन-चार कार्यक्रम होतात. बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार, मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. देणारे कोण? ज्यांच्या पतसंस्थेची, ज्यांच्या वाळूच्या ठेक्याची, ज्यांच्या कारखान्याची बातमी आपण करायची तेच. मी दोनदा घेतला. का घेतला तर आई समोर बसली होती आणि तिला फोटो हवा होता. एकदा एका संस्थेकडून 'राज्यस्तरीय आदर्श पत्रकार' म्हणून पत्र आलं, खाली नोंदणी शुल्क अडीच हजार. ते मी फाडलं. आमच्यातल्या काहींनी भरलं, मी त्यांना दोष देत नाही. वर्षानुवर्षं कुणी 'चांगलं केलंस' म्हणत नाही तेव्हा माणूस ते विकतसुद्धा घेतो.

आता मूळ विषय. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी सगळ्यांना माहीत असेल. एप्रिल २०१९ मध्ये राधेश्याम जाधव यांनी ती इंग्रजी 'बिझनेसलाइन'मध्ये केली आणि देशभर खळबळ झाली. विधानपरिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मग २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने साखरेवर मोठी बातमी केली आणि बाहेरच्या कंपन्यांना जाब द्यावा लागला. जाधवांनी फार मोठं काम केलं. त्यांच्याबद्दल आदरच आहे.

पण आमच्या तालुक्याच्या पानावर या बायका आधीपासून येत होत्या. तुकड्यातुकड्याने. कधी टोळीची गाडी उलटली म्हणून, कधी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली म्हणून, कधी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली नाही म्हणून मुकादमाने अडवून ठेवलं म्हणून. चार ओळी, सहा ओळी. ते तुकडे जोडून 'हा हक्काचा प्रश्न आहे' असं म्हणायची ताकद आमच्या पानाला नव्हती. आम्हाला ती जागाच दिली नव्हती.

माझी स्वतःची एक बातमी आहे. एका जोडप्याला मुकादमाने उचलीपोटी कारखान्याच्या तळावर दोन महिने अडवून ठेवलं. बाई आजारी पडली तरी कामावर नेलं. एक दिवस गेली नाही तर पाचशे रुपये खाडा. मी तीन आठवडे त्यावर होतो. तहसीलदारांकडे चारदा गेलो. बातमी आली तिसऱ्या पानावर, तळाला, 'आमच्या वार्ताहराकडून' म्हणून. पण ती आल्यावर चौथ्या दिवशी त्यांना सोडलं.

मी कुठलाही पुरस्कार मागत नाही. रानजाई ताईंनी विचारलं मराठीत कुणाला द्यावा, म्हणून लिहिलं. हाँगकाँगमध्ये चिनी बातमी चिनी वाचणारा तपासतो, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

---

शेवटची आवृत्ती | ८ मे, सकाळी ६:५०

कोरडवाहू, पहाटे उठून तुमचं वाचलं.

'आमच्या वार्ताहराकडून' ही ओळ मी एकतीस वर्षांत हजारो वेळा लिहिली असेल. तालुक्याच्या बातमीला नाव द्यायचं नाही हा रिवाज होता. कारण सांगितलं जायचं ते सुरक्षेचं. काही वेळा ते खरं होतं. बहुतेक वेळा कारण एवढंच होतं की नाव छापलं की माणूस मोठा होतो आणि मानधन वाढवून मागतो. हे मी आज लिहून मोकळा होतो. मी त्या रिवाजाला विरोध केला नाही. करायला हवा होता.

याचा परिणाम आता दिसतो. मी पाहिलेल्या प्रत्येक पुरस्काराच्या अर्जात पहिली अट असते : बातमीवर तुमचं नाव हवं, नसेल तर संपादकाचं पत्र हवं. म्हणजे मराठीतली मानवी हक्कांची निम्मी पत्रकारिता दारातच अडते. निनावी आहे म्हणून.

तुम्ही ते पत्र मागा. देत नसतील तर मला सांगा. त्या आवृत्तीत कोण होतं ते मी शोधून काढीन.

---

दुसरी बाजू | ८ मे, सकाळी ९:३०

कोरडवाहू, माझ्या दृष्टीने तुमची बातमी सरळ वेठबिगारीची आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा याच्यासाठीच आहे. तुम्ही तहसीलदारांकडे गेलात ते बरोबर केलंत, पण त्यापुढे मुक्ततेचा दाखला मिळाला का, जुनी उचल कायद्याने रद्द झाल्याचं त्या जोडप्याला कुणी सांगितलं का, हे तपासायला हवं. पुरस्कार राहू दे बाजूला. मला संदेश पाठवा.

---

रानजाई | ८ मे, दुपारी ४:१०

कोरडवाहू दादा, मी भाषांतर करते. इंग्रजीही करीन, आणि माझी एक जुनी सहकारी आहे ती मदत करील. काही आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत मूळ भाषेतली बातमी चालते, सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. पैसे लागत असतील तिथे जायचंच नाही.

फक्त तुमची बातमी नको. वैनगंगांनी लिहिलं ते मनात आहे. तालुक्याच्या पानांवरचे ते तुकडे तुमच्याकडे असतील तेवढे पाठवा, चार ओळींचे, सहा ओळींचे. तारखेसकट एकत्र लावू. एखाद्या पुरस्काराला चालो न चालो, एकत्र वाचायला मिळतील.

'उचल', 'कोयता', 'खाडा' हे शब्द मी तसेच ठेवणार आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, हे इंग्रजीत सांगायला एक वाक्य लागेल. ते लागू दे.

---

वैनगंगा | ८ मे, संध्याकाळी ७:००

आमच्याकडचीही पाठवतो. तेंदूपत्त्याच्या फडांवरची, खाणीसाठीच्या ग्रामसभांची. काही नावाने आहेत, काही नाहीत. नावं घालायची का ते मी त्या त्या माणसाला विचारून सांगतो. आमच्याकडे ते विचारल्याशिवाय करता येत नाही.

---

कोरडवाहू | १० मे, रात्री ९:४०

उशीर झाला, लग्नसराईच्या जाहिराती होत्या.

संपादकांना पत्र मागितलं आहे. 'बघतो' म्हणाले. सव्वीस कात्रणं निघाली, घरच्या पत्र्याच्या पेटीत होती. सहांना वाळवी लागली आहे, पण वाचता येतात. उद्या फोटो काढून पाठवतो.

वकील ताई, तुमच्याशी बोललो तसं आज त्या जोडप्याच्या गावी जाऊन आलो. दाखला मिळालेला नाही. कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. जुनी उचल अजून त्यांच्या नावावर आहे असं मुकादम सांगतो, आणि येत्या हंगामाला त्याच्याच टोळीत जायचं ठरलं आहे. सोमवारी मी आणि ती दोघं तहसीलला जातोय. तुम्ही सांगितलेला अर्ज लिहून ठेवला आहे.

त्या बाईला मी विचारलं, तुमची बातमी इंग्रजीत करून लांब पाठवायची आहे, नाव घालू की नको? बातमीत मी तेव्हा नाव बदललं होतं. ती म्हणाली, 'आधीपण माझं नाव नव्हतंच की.' नवरा म्हणाला नको. ती म्हणाली घाला. मग दोघं आपसात बोलत होते, मी बाहेर ओट्यावर बसलो. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, तहसीलचा कागद हातात आला की घाला, तोवर नको.

रानजाई ताई, तेव्हा ती बातमी तूर्त बाजूला ठेवा. बाकीच्या पंचवीस करा.